साडेनऊ बोटं

चर्चचं दार करकरलं
आणि आम्ही सगळ्यांनी नकळत
तिच्या पेटीकडे पाहिलं.
तेलाची बुधली नेहमी तीच आणायची ना.

नोव्हेंबर होता. दुपारी तीनलाच काळोख.
पेटी उचलताना डावीकडची कडी लुळी पडली.
यौकोने खिशातलं नाणं काढून स्क्रू आवळला,
आणि साइमी आत्या मला लख्ख ऐकू आली:
"नाण्याने खाच मरते, गाढवा."

एकोणिसाव्या वर्षी
आरागिरणीने तिची उजवी करंगळी अर्धी नेली.
पट्टी बांधून त्याच संध्याकाळी ती गाईच्या धारेला बसली,
असं बाबा सांगत.
बाबा थोडं वाढवूनच सांगत.
पण "साडेनऊ पुरतात"
हे मी माझ्या कानांनी ऐकलंय,
बोटीचं इंजिन उघडून तेलात कोपरापर्यंत माखलेली असताना,
जाळ्याचं भोक सांधताना,
शेजारच्या पेंतीचा दुधाचा दात दोऱ्याने उपटताना,
आणि पेंती रडायला लागली तेव्हा तिला
करंगळीचं थोटुक नाचवून हसवताना.

बसलेली ती मला आठवतच नाही.
कॉफीसुद्धा उभ्याने, खिडकीपाशी,
बाहेर काय मोडलंय ते न्याहाळत.

जुन्या फळ्यांमधले वाकडे खिळे उपसून
ती दगडावर ठोकून ठोकून सरळ करी.
दुकानात नवे मिळतात, मी म्हटलं एकदा.
"मिळेनात का. यांचं काय चुकलं?"

संसार मोडून मी तांपेरेहून निघाले,
रात्रभर गाडी हाकत तिच्या दारात आले.
तिने काही म्हणजे काही विचारलं नाही.
राईची भाकरी पुढे सरकवली, वर माशाचा तुकडा.
सकाळी उठून पाहते तर
गाडीचे चारही टायर बदललेले, बर्फावर धरणारे,
आणि ती अंगणात हात पुशीत उभी:
"त्या गुळगुळीत चाकांवर आलीस?"
एवढंच.
त्याहून जास्त तिला बोलता आलं नसतं,
मला ऐकता आलं नसतं.

आता मे आहे.
लेंतुआ तळ्यावरचा बर्फ परवा आवाज करत फुटला.
सौनाच्या खोपटातला पंप
दर वर्षी तीच चालू करायची, या आठवड्यात.
मी दोन तास झगडले.
फोनवर बघून केलं, शिव्या देऊन केलं,
पान्यावर उभी राहिले अख्ख्या वजनानिशी.
मग घाम पुसताना मागच्या फळीवर दिसलं,
सुताराच्या जाड पेन्सिलीत:
उलटं फिरतं. जोर नको.

त्यानंतर मी सगळीकडे शोधत सुटले.
शिडीवर: तिसऱ्या पायरीवर विश्वास ठेवू नये.
विजेच्या पेटीत: ही तार कशाची मलाही ठाऊक नाही. हात लावू नका.
कॉफीच्या डब्यावर: सरळ केलेले.
त्याच्या शेजारच्या डब्यावर: सरळ न होणारे.
तोही डबा काठोकाठ भरलेला.
ठेवले होते तिने.

काही अक्षरं जुनी, धुरकटलेली.
पण बरीचशी नवी,
गेल्या उन्हाळ्यातली असावीत,
ओळ खाली घसरत गेलेली,
एका जागी पेन्सिल लाकडात रुतून मोडलेली.
पंप कुठल्या बाजूला फिरतो
हे तिला लिहून ठेवायची गरज नव्हती.
साठ वर्षं तिच्या मनगटाला ते पाठ होतं.

मी पाना उलटा फिरवला.
लोण्यासारखा फिरला.
पंप खोकला, थांबला, पुन्हा खोकला,
नळ थरथरला माझ्या हातात.
नळाच्या वरच, डोळ्यांच्या रेषेत,
माझ्या उंचीवर, तिच्या नाही,
एक शेवटची ओळ होती:

आधी तांबडं येईल.
वाहू दे.